दादांची लाइन जाते तेव्हा

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, पाळणे, रात्री नाटक. लाखांदूर तालुक्यातल्या अशाच एका मंडईला मी दादांना गाठायला गेलो होतो. वैनगंगेपलीकडून, वडशाहून, नाटक कंपनी आली होती. नाटक रात्री अकराच्या सुमारास उभं राहणार आणि पहाटेपर्यंत चालणार. दादा मात्र दुपारी चारलाच स्टेजवर होते. अनवाणी.

दादा ऑर्गन वाजवतात. जन्मापासून दिसत नाही. शिकले नागपूरच्या अंध शाळेत, आणि गेली वीस-बावीस वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांना साथ करतात. स्टेजच्या फळ्यांवर ते पावलं मोजत होते. मग खिशातून सुतळी काढली, बैठकीच्या दोन हात अलीकडे फळीवर आडवी ताणली आणि दोन्ही टोकांना चुका ठोकल्या. तीन वेळा मागून चालत आले. तिन्ही वेळा अंगठा सुतळीला लागला, दादा वळले आणि नेमके बैठकीवर बसले.

“आता इथलं काही हलवू नका रे,” त्यांनी पोरांना बजावलं. मग माझ्याकडे चेहरा वळवला. “आला का बाबू? तुझे जोडे वाजतात.”

मी एक थरारपट लिहिला आहे. पूर्ण लांबीचा, मराठीत, सगळा भंडाऱ्यात घडणारा. नायक राइस मिलमध्ये फोन घेणारा अंध तरुण. एका रात्री त्याला तलावाच्या पाळीवर भांडण ऐकू येतं, मग पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज. पाळीवरच्या माणसाला कळतं की याने ऐकलं आहे. नायकाच्या कामासाठी मला खराच अंध नट हवा होता. दादांनी सल्ला द्यावा, जमलं तर स्वतः काम करावं, म्हणून आठवडाभर आधी पटकथा त्यांच्या फोनवर पाठवली होती.

“वाचली का दादा?”

“वाचली ना. तूही ऐक.”

त्यांनी फोन काढला. त्यांचा फोन पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवतो. फाइल उघडली, बोट फिरवलं. फोन म्हणाला, “व्ही, ए, स्लॅश, के, के, जे.”

“हे काय हाये सांग.”

मी पडद्यावर पाहिलं. तिथं लिहिलं होतं : अंधार.

“आन् हे?” फोन म्हणाला, “जे, के, इक्वल्स.” तो शब्द होता ‘रात्र’.

मी पटकथा कृतिदेवमध्ये टाइप करून घेतली होती. अशा जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. त्यांच्यावर फक्त देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. डोळ्यांना चालतं. वाचून दाखवणाऱ्या यंत्राला मात्र आतलीच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये असती तर दादांनी ती एका दुपारी ऐकून संपवली असती. अंध नायकाची गोष्ट मी अंध माणसाला वाचताच येणार नाही अशा फॉन्टमध्ये पाठवली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. महाराष्ट्रातल्या किती नाट्यसंहिता, किती पटकथा आजही अशाच टाइप होऊन फिरत असतील.

मग मांडवामागच्या चहाच्या टपरीवर बसून मीच वाचायला लागलो. पान ३१ वर दादांनी हात वर केला.

“थांब. इथं काय लिवलं? पुन्हा वाच.”

“मिलमधली लाइन जाते. काळोख. नायक भिंतीला टेकून उभा. त्याच्या कपाळावर घाम.”

“लाइन गेली त त्याले काय?”

“दादा, खुनी आत शिरलाय.”

“ते समजलं. पण लाइन गेली हे त्याले कसं समजलं? आन् समजलं तरी तो काहून घाबरते? लाइन त खुन्याची गेली. आता दोघं बरोबरीले आले. उलट तो म्हणन, बरं झालं.”

मी म्हटलं, “घाबरतो तो प्रेक्षक. त्याला दिसेनासं होतं.”

“हां. म्हणजे भेव तुझं, आन् घाम माझ्या कपाळावर.”

हा आक्षेप मला आधी किरकोळ वाटला होता. घरी जाऊन विचार करत बसलो तेव्हा ध्यानात आलं की अंध पात्रांचे थरारपट बहुधा इथंच घसरतात. डोळस लेखक डोळे मिटून पाहतो, त्याला भीती वाटते, आणि ती भीती तो पात्राच्या पदरात टाकतो. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसाला अंधार म्हणजे संकट नसतं. त्याचं रोजचं घर तिथंच असतं.

पण त्या वेळी मी हटलो नाही. मी १९६७ चा ‘वेट अंटिल डार्क’ पुढे केला. ऑड्री हेपबर्नने केलेली अंध बाई घरात एकटी आहे, गुंड आत येणार आहेत. ती घरातले बल्ब एकेक करून फोडते, म्हणजे तेही आपल्यासारखेच होतील. एकच उजेड तिच्या ध्यानातून सुटतो, फ्रिजमधला. “त्यातही अंधारच आहे ना दादा?”

“ते बरोबर हाये,” दादा म्हणाले. “तिथं अंधार ती करते. तुझ्या गोष्टीत अंधार आपोआप येते आन् तुझा माणूस नुसता उभा राहते. तिनं डोकं लावलं. याने काय लावलं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय नटाकडे वळवला, आणि खरा वाद तिथं पेटला.

“पटकथा सुधारता येईल,” मी म्हटलं, “पण काम डोळस नटाकडून करून घ्यायचं नाही हे माझं ठरलं आहे. काळा चष्मा, मान वर, हात पुढे चाचपडत चालायचं. हे सोंग आपण किती वर्षं बघणार?”

“सोंगाले काहून नावं ठेवतं? नाटक म्हणजे सोंगच. नसीरुद्दीनचा ‘स्पर्श’ मले आमच्या सरांनी ऐकवला, बाजूले बसून पडद्यावरचं सांगत सांगत. तो मास्तर खरा वाटला मले. कोणी दया दाखवली का त्याले राग येते. तो राग खरा हाये. डोळस माणसानं केला म्हणून खोटा झाला का?”

‘स्पर्श’ हा सई परांजपे यांचा १९८० चा चित्रपट. दिल्लीच्या अंध शाळेतल्या खऱ्या मुख्याध्यापकांवरून ती भूमिका घडली, आणि शाळेतली मुलंही खरीच होती. नसीरुद्दीन शहांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दादांचं म्हणणं खोडता येईना. मी म्हटलं, “तो अपवाद आहे. आणि त्या शाळेतल्या मुलांपैकी किती जणांना पुढे नट होता आलं?”

“मंग ‘अंधाधुन’?”

“तिथं नायक अंध असल्याचं नाटक करतो. त्याला डोळस नटच हवा.” आयुष्मान खुरानाने त्या भूमिकेसाठी दृष्टी धूसर करणाऱ्या लेन्स घालून सराव केला होता. पुण्यात घडणारी ती गोष्टच मुळी सोंगाची होती.

दादा हट्टाला पेटले. “आपल्या रंगभूमीवर बायांची कामं माणसं करत. बालगंधर्वांले लोक डोक्यावर घेत. तेव्हा कोणी म्हटलं का, का खरी बाई आणा?”

“म्हटलं दादा! आणि आणलीही.” या मुद्द्याची मी बराच वेळ वाट पाहत होतो. १ जुलै १९३३ ला ‘नाट्यमन्वंतर’ने मुंबईत एक नाटक केलं, श्री. वि. वर्तकांचं. त्यात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या. बाईचं काम बाईने करण्याची वाट त्या नाटकाने मराठी रंगभूमीवर मोकळी केली, असं इतिहास लिहिणारे मानतात. “नाटकाचं नाव ठाऊक आहे?”

“नाही बा.”

“‘आंधळ्यांची शाळा’.”

दादा खळखळून हसले. “त्यात आंधळा होता का एखादा?”

“एकही नाही. ते नाव रूपक म्हणून होतं.”

“पाय. नाव आमचं, काम दुसऱ्याचं.” मग गंभीर झाले. “तुझं म्हणणं समजलं. बालगंधर्व मोठे होते, तरी बाईले दार उघडणं जरूर होतं.”

“तेवढंच म्हणतोय मी. बायका आल्यावर पुरुषांचं जुनं काम खोटं ठरलं नाही. पण बायका आल्या म्हणून नाटकंच वेगळी लिहिली जाऊ लागली. तुमच्या एका सुतळीने माझं पान ३१ मोडलं. डोळस नट घेतला असता तर त्याने कपाळावर घाम आणला असता आणि पुढच्या पानावर गेला असता.”

एवढ्यात मंडईच्या मैदानात डीजे सुरू झाला. आम्ही टपरीवरून उठून मांडवाकडे निघालो होतो. दादा काठी टेकत माझ्यापुढे दोन पावलं चालत होते. काठीचं टोक डावीकडे तेव्हा उजवा पाय पुढे, टोक उजवीकडे तेव्हा डावा. चाल इतकी सरळ की मीच खड्डे चुकवत मागे पडलो होतो. डीजेचा पहिला ठोका पडला आणि ते जागच्या जागी थांबले. चेहऱ्यावरचं सगळं जणू पुसलं गेलं. हात बाजूला आला, माझं कोपर शोधू लागला, सापडल्यावर त्यांनी ते घट्ट धरलं.

माझ्या कानाशी येऊन ते ओरडले, “आता माझी लाइन गेली!”

स्पीकरच्या भिंतीपासून लांब गेल्यावर ते बोलले. “मांडव कुठं, टपरी कुठं, बैल कुठं बांधले, सगळं मले आवाजानं दिसते. भिंतीजवळ गेलो का हवेचा आवाज बदलते. डीजे लागला का सगळं एका रंगाचं होते. कोणी मांगून येऊन उभा राहिला तरी समजत नाही. मले भेव लागते ते याचं. तू लाइन घालवतं, आवाज घालव ना. नाही त आवाज इतका वाढव का काही ऐकूच येऊ नये.”

जॉन हल हे बर्मिंगहॅमला धर्मशिक्षणाचे प्राध्यापक होते. प्रौढ वयात त्यांची दृष्टी गेली. ‘टचिंग द रॉक’ या पुस्तकात त्यांनी पावसाबद्दल लिहिलं आहे : दार उघडलं आणि पाऊस पडत असला की छत, कुंपण, झाडं, वाट, प्रत्येकावर पडणाऱ्या थेंबांच्या वेगळ्या आवाजातून सगळं अंगण त्यांच्यापुढे उभं राही. मी हे दादांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

“रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून चालतो ना मी. पाऊस बांधीतल्या पाण्यावर वेगळा वाजते, धुऱ्यावरच्या गवतावर वेगळा. घसरत नाही. कवेलूच्या घरातही पाऊस चालते. पण टिनाच्या खाली बस, का झाला डीजे.”

राइस मिलचं छत टिनाचं असतं. यंत्र चालू असताना शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आषाढातली रात्र, टिनावर पाऊस, यंत्र चालू, पडद्यावर लख्ख उजेड. प्रेक्षकाला खुनी दहा फुटांवर दिसतो आहे, नायकाला त्याची चाहूल नाही. मग लाइन जाते. यंत्र थांबतं. पाऊस ओसरतो. आता प्रेक्षकाला काही दिसत नाही आणि नायकाला सगळं दिसायला लागतं. माझ्या पटकथेतला तोच प्रसंग, फक्त कोण आंधळं होतं ते उलटं झालं. त्या मैदानात उभं राहून मला माझा सिनेमा पहिल्यांदा दिसला.

मी उतावीळ झालो. “दादा, तुम्हीच करा हे काम.”

“मी कायले? माझं वय पाय. आन् एक गोष्ट आधी सांग. पोस्टरवर काय लिवशील? ‘खरा आंधळा नायक’?”

मी गप्प राहिलो. निर्मात्याशी बोलताना मी तसंच काहीसं म्हटलं होतं.

“मंग नाही. सर्कशीत मोटारसायकल चालवणारं अस्वल आणत होते तसं मले आणू नको. काम चांगलं झालं त माझं नाव लिव, आंधळेपण नको.”

“पण लोकांना कळलं नाही तर पुढच्या अंध नटाला दार कसं उघडणार?” हा प्रश्न मला खराच पडला होता, अजूनही आहे. २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली. ते सगळ्यांना कळलं म्हणूनच त्याचं मोल वाढलं. स्वागत थोरातांनी ‘अपूर्व मेघदूत’ १९ अंध कलाकारांना घेऊन केलं, तेही लोकांनी त्याच कुतूहलाने पाहिलं. थोरात म्हणजे २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक मराठीत काढणारे. कुतूहलाने आलेला प्रेक्षक पहिल्या अंकानंतर फक्त नाटक पाहतो, असं माझं म्हणणं. दादांचं म्हणणं, तो घरी जाऊन ‘बिचारे किती छान करतात’ एवढंच बोलतो. यावर आमचं जमलं नाही, आणि ते खोटं जुळवून दाखवण्यात अर्थ नाही.

मी कायद्याकडे वळलो. ८ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ‘आंख मिचोली’ या चित्रपटाच्या निमित्ताने, अपंगांच्या चित्रणाबद्दल निर्मात्यांना चौकट घालून दिली. त्यांच्याविषयी काही करताना त्यांना सोबत घ्या, हे त्यातलं एक तत्त्व. दादांनी ते दोन वाक्यांत बाजूला सारलं : “कोर्टानं सांगितलं म्हणून नको घेऊ. पान ३१ अडलं म्हणून घे.”

माझ्या कॅमेरामनची भीती वेगळी होती, तीही मी सांगून टाकली. नट जमिनीवरच्या खुणेवर नेमका थांबला नाही तर फोकस जातो. थरारपटात चार इंचांचा फरकही दिसतो. दादांनी मला स्टेजवर नेलं आणि सुतळीवर पाय ठेवायला लावला. “डोळस नट खाली पाहून खूण शोधते. मी अंगठ्यानं शोधतो. कोणाची नजर खाली जाते?”

उरलेला अर्धा तास आम्ही नुसतं कामाचं बोललो. चित्रीकरणाच्या जागी नटाला चार दिवस आधी नेऊन फिरू द्यायचं. त्यानंतर स्टूलसुद्धा हलवायचं नाही, हलवलं तर सांगायचं. सेटवर येणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव घ्यायचं. हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं. ‘अ‍ॅक्शन’ म्हणणारा रोज एकाच जागेवरून बोलला तर तोच आवाज दिशा दाखवतो. यातल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही.

फोकसवर मी त्यांना एक फिनिश उदाहरण सांगितलं. पेट्री पोइकोलाइनेन या नटाची मल्टिपल स्क्लेरोसिसने दृष्टी गेली, चालणंही गेलं. दिग्दर्शक तेमू निक्की हा त्याचा सैन्यातल्या दिवसांपासूनचा मित्र. त्याने या नटाला नायक करून २०२१ मध्ये चित्रपट काढला : एक अंध माणूस चाकाच्या खुर्चीतून, कोणाच्याही मदतीशिवाय, आपल्या मैत्रिणीला भेटायला निघतो आणि वाटेत चोरांच्या हाती सापडतो. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्याच्या चेहऱ्याशी. बाकी सगळं धूसर. चोरांचे चेहरे आपल्यालाही दिसत नाहीत. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला.

“हे मले आवडलं,” दादा म्हणाले. “तुमच्या डोळ्यावरही पट्टी बांधली त्यानं.”

“त्याच वर्षीचा ‘सी फॉर मी’ ऐका. नायिका स्कायलर डॅव्हनपोर्ट, स्वतः दृष्टिबाधित. अनोळखी घरात राखणीला राहते, रात्री चोर शिरतात. पण ती साधी नाही. त्या घरातली महागडी दारू तीच चोरत असते, आणि वेळ आल्यावर चोरांशी सौदाही करते.”

दादा एकदम पुढे सरकले. “चोर हाये ती?”

“हो.”

“मंग माझा नायकही चोर कर. तुझा तो पोरगा फार भला हाये. फोन घेते, मायची सेवा करते, खून ऐकते, सत्य बोलते. असा आंधळा मी आजवर पाह्यला नाही. त्याले काट्यावर बसव. धानाचे पोते तोलताना मालकाच्या सांगण्यावरून काटा मारते तो. आवाजावरून त्याले बरोबर समजते किती दाबाचं. आता तो पोलिसाकडं कसा जाईन? गेला त त्याचंही बिंग फुटते. भेव म्हणजे हे.”

एका दमात त्यांनी दुसरा अंक लिहून दिला. मी दोन वर्षं या गोष्टीवर बसलो होतो.

निघताना त्यांनी एकच विचारलं : “हा सिनेमा मले समजन का?” झाडीपट्टीच्या नाटकात त्यांचं काही सुटत नाही, तिथं शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कथा ऐकू यावी लागते, त्यामुळे सगळं बोललं जातं. माझ्या पटकथेत अकरा मिनिटं कोणी बोलतच नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी नियमावली काढली आहे. तिच्यात दृश्याचं वर्णन ऐकवणारा वेगळा ध्वनिपट अपेक्षित आहे. तो मी करणार, हे मी दादांना कबूल केलं. कॅमेराच्या भाड्याइतकंच ते माझ्या खर्चाच्या यादीत आता धरलेलं आहे.

नायकाचं काम दादा करणार नाहीत. वय जुळत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. त्यांनी मिलमालकाचं काम मागितलं आहे. मालक डोळस आहे. “जमते का पाय,” म्हणाले. वाचन घेऊन मग ठरवू, असं मी सांगितलं, आणि ते वाचन मी घेणार आहे.

नायक अजून सापडलेला नाही. वीस ते तीस वयाचा, भंडारा-गोंदियाकडची बोली बोलणारा, अंध किंवा अंधुक दिसणारा, आणि काम करायची हौस असलेला कोणी असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. पटकथा आता युनिकोडमध्ये आहे.